बावन्न वजा अठ्ठावीस, उत्तर छत्तीस

एका तरुण शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडक्यात असं आहे: वय सव्वीस. बी.ए. आणि डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झालेलं. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन दीड वर्षापूर्वी घरापासून लांबच्या जिल्ह्यात, दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू. तिसरी-चौथी एकत्र, पट १९. शिक्षकांसाठीच्या सरकारी दीक्षा ॲपवरचे अकरा कोर्स पूर्ण केले, प्रशिक्षणं केली, रात्री व्हिडिओ बघते. तरीही गेल्या महिन्याच्या चाचणीत १९ पैकी अकरा मुलांनी ५२ − २८ चं उत्तर ३६ लिहिलं, महिनाभर हातच्याची वजाबाकी शिकवल्यानंतर. शेजारच्या वर्गातल्या सरांची सेवा चोवीस वर्षांची. त्यांचा आवाज कधी चढत नाही आणि त्यांच्या मुलांना सगळं येतं. घरचे म्हणतात, नोकरी लागली, आता कसला अभ्यास? मला मात्र वाटतं की माझा पिंडच शिक्षकाचा नाही. राजीनामा देऊन पूर्णवेळ बी.एड. करू, की पैसे भरून एखादा चांगला कोर्स लावू?

नमस्कार ताई,

तुमच्या पिंडाबद्दल नंतर बोलू. आधी त्या छत्तीसकडे बघू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

मुलं अंदाजपंचे लिहीत असती तर अकरा जणांची उत्तरं अकरा तऱ्हेची आली असती. कुणी ४२ लिहिलं असतं, कुणी २०, कुणी जागा कोरी सोडली असती. इथे अकरा जण एकाच चुकीच्या उत्तरावर पोचले, म्हणजे त्यांच्या डोक्यात एक नियम आहे आणि तो ती मनापासून पाळतात. एककाच्या घरात वर २, खाली ८. मूल आठातून दोन काढतं, सहा लिहितं. दशकात पाचातून दोन गेले, तीन उरले. झाले छत्तीस. हा नियम त्यांना आपणच दिलाय. ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’, ‘लहानातून मोठी जात नाही’ ही वाक्यं मूल पहिलीपासून ऐकतं. आपण ती पूर्ण संख्येबद्दल बोलतो, मूल ती प्रत्येक घराला लावतं. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने बाईंचं ऐकलंय.

‘पाया कच्चा आहे’ असं म्हटलं की हे दिसायचं बंद होतं. पाया कच्चा म्हटल्यावर करायचं काय, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, म्हणजे तेच वाक्य, तोच फळा आणि पुन्हा छत्तीस.

म्हणून माझी पहिली विनंती कोर्सची नाही. मुलांना पाच गणितांचा एक कागद सोडवायला द्या: ४७ − २३, ५२ − २८, ६० − ३४, ८३ − ७९ आणि ५०० − २६७. ही पाच उगाच निवडलेली नाहीत. पहिल्यात हातचा नाही. ते चुकलं तर अडचण हातच्याच्या अलीकडची आहे. तिसऱ्यात एककाच्या घरात शून्य आहे. तिथे काही मुलं ३४ लिहितात, काही ३०, आणि दोघांच्या डोक्यात शून्याबद्दल वेगवेगळी समजूत असते. चौथ्याचं उत्तर ४ ऐवजी १६ आलं तर तो छत्तीसचाच भाऊ. पाचव्यात २३३ च्या जागी २४३ आलं तर मुलाने दोन्ही शून्यांचे दहा-दहा केले, पण मधल्या दहातून एक कमी करायचा राहिला. आणि ५२ − २८ चं उत्तर कुणाचं ३४ आलं, तर त्याने हातचा घेतलाय पण पाचाचे चार केले नाहीत. छत्तीसवाल्याला आणि चौतिसवाल्याला एकच औषध देऊन चालणार नाही.

गणितं फळ्यावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, म्हणून मूल ३५ लिहितं. ‘एकोणचाळीस’मध्ये कानाला चाळीस लागतात, म्हणून ४९ लिहितं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन जोडनावांच्या सोबत दिलं आणि त्यावर राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. तोंडी सांगितलेलं गणित चुकलं तर वजाबाकी चुकली की संख्यालेखन, हे तुम्हाला कळणारच नाही. संख्यालेखन वेगळ्या दिवशी तपासा.

उत्तरं आली की एका कोऱ्या पानावर १९ ओळी आणि पाच रकाने आखा. बरोबर-चूक अशी खूण करू नका. मुलाने लिहिलेली संख्या जशीच्या तशी उतरवा. अर्ध्या तासात पान भरतं आणि वर्ग त्यात दिसायला लागतो. मग छत्तीसवाल्यांपैकी तिघांना एकेक करून जवळ बसवा, पाच-पाच मिनिटं. तोवर चौथीला जोडीने वाचन द्या, तिसरीतल्या बाकीच्यांना शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगा. मुलाला एवढंच म्हणा, ‘हे कसं केलंस ते मला बोलून दाखव.’ आणि गप्प राहा. ‘नीट बघ बरं’ म्हटलंत की मूल खोडरबर घेतं, आणि आपल्याला जे बघायचं होतं तेच पुसलं जातं. त्या दिवशी खोडरबर नको. चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं. उत्तर बरोबर असलेल्या एखाद्या मुलालाही हाच प्रश्न विचारा. काही बरोबर उत्तरांमागे ‘हातचा घ्यायचा असतो म्हणून घेतला’ एवढंच असतं. ते मूल पाचशेच्या गणितात अडकतं.

आता शिकवण्याचा भाग. काड्या लागतील. खराट्याच्या काड्या एका लांबीच्या कापून, दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधून. मुलांचे दोन-दोनांचे आठ गट आणि तिघांचा एक, असे नऊ गट. प्रत्येक गटाला नऊ गठ्ठे आणि अठरा सुट्या काड्या, म्हणजे एकूण हजाराला थोड्या कमी. चौथीची मुलं दोन दुपारी हे काम करतात, आणि गठ्ठे बांधताना त्यांचीही उजळणी होते. गटाला सांगा: ५२ मांडा. पाच गठ्ठे, दोन सुट्या. आता मला २८ काड्या द्या. दोन गठ्ठे सहज येतात. आठ सुट्या हव्यात आणि आहेत दोन. इथे थांबा. सांगू नका. कुणीतरी गठ्ठ्याचं रबर काढेल. तो क्षण सगळ्या वर्गाला दाखवा: किती गठ्ठे राहिले? सुट्या किती झाल्या? आता आठ दे. हे चार-पाच वेळा झाल्यावरच वहीत मांडणी करायची, आणि वहीतल्या प्रत्येक खुणेला ‘काड्यांमध्ये हे कुठे झालं?’ असं विचारायचं.

काड्या असूनही हा पाठ फसतो, त्याची कारणं बहुतेक दोनच असतात. एक, काड्या बाईंच्या हातात राहतात आणि मुलं बघत बसतात. रबर मुलाने सोडवायला हवं. दुसरं, भाषा. ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ ही गोष्ट मुलांना आवडते, पण मागितला एक आणि मिळाले दहा, हे त्यांना कोडंच राहतं. शिवाय उसना परत कधी दिला, याचंही उत्तर नसतं. ‘एक दशक सुटा केला’ म्हणा. गठ्ठा सुटताना त्यांनी पाहिलाय, त्यामुळे शब्दाला चित्र मिळतं. आणि ‘लहानातून मोठी जात नाही’ हे वाक्य आजपासून बंद. त्याऐवजी ‘दोन सुट्यांमधून आठ देता येतात का? मग काय करशील?’ असं विचारा.

पंधरा दिवसांनी याच जातीची पण वेगळ्या संख्यांची पाच गणितं द्या आणि पहिल्या पानाशेजारी दुसरं पान आखा.

ताई, तुम्ही पत्रात जे शिकणं मागताय ते या दोन पानांमध्ये आहे. तुम्ही धरून चाललाय की शिक्षकाचं शिकणं बाहेर कुठेतरी असतं, ते आणून वर्गात ओतायचं असतं, आणि अकरा भांडी ओतूनही वर्ग भरला नाही, म्हणजे दोष तुमच्यात. दीक्षावरचे कोर्स वाईट नाहीत. पण ते करताना तुमच्या हातात प्रश्न नव्हता. ‘माझी अकरा मुलं छत्तीस का लिहितात’ हा प्रश्न घेऊन तुम्ही पायाभूत संख्याज्ञानाचा तोच कोर्स पुन्हा उघडलात तर त्यातल्या दहा मिनिटांवर तुमचं बोट थांबेल, आणि ती दहा मिनिटं कामाची असतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. शाळेचे साधारण चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला सव्वा तास होतो. हा सव्वा तास मला खूप महत्त्वाचा वाटतो, आणि तो मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून भरू नये, असंही अगदी मनापासून वाटतं. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, कधी मतदार यादीचं काम, हे सगळं सांभाळून तुम्ही दमता हे खरं आहे. म्हणूनच बेत छोटा ठेवा. बुधवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास वह्या, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाऊण तास पुढच्या आठवड्याचा एकच पाठ नीट बसवणं. रोजची रात्र मोकळी ठेवा. एका कोर्सनंतर आठवड्याच्या आत त्यातली एक गोष्ट वर्गात करून बघायची, आणि ती होईपर्यंत पुढचा कोर्स उघडायचा नाही.

एक वही ठेवा. डाव्या पानावर मुलाने काय लिहिलं किंवा म्हटलं, उजव्या पानावर त्याआधी मी काय बोलले होते. तारीख घाला. पाच ओळींच्या वर जाऊ नका. ही वही तपासणीला दाखवायची नाही, तिला कसलाही नमुना नको. ज्या दिवशी ती सुंदर अक्षरात लिहायला घ्याल त्या दिवसापासून ती आणखी एक रजिस्टर होईल आणि खरी चूक तिच्यात उतरणार नाही.

वाचनाचं विचाराल तर सुरुवात पाठ्यपुस्तकापासून करा. बालभारतीच्या पुस्तकात पानाच्या तळाशी ‘शिक्षकांसाठी’ म्हणून बारीक टाइपात सूचना असतात. त्या वाचा. तिसरीचं गणित शिकवणाऱ्याने दुसरीचं आणि पाचवीचंही पुस्तक शेजारी ठेवावं. वजाबाकी आधी कुठल्या चित्रातून आली आणि पुढे कुठे जाणार आहे, हे त्याशिवाय कळत नाही. ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

आता शेजारच्या वर्गातले सर. त्यांचा पिंड शिक्षकाचा आहे आणि तुमचा नाही, असं तुम्ही ठरवून टाकलंय. पण तुम्हाला दिसतोय तो चोवीस वर्षांचा शेवटचा दिवस. शांत वर्ग बहुतेक वेळा सवयींवर उभा असतो: वह्या कुठे ठेवायच्या, काम आधी संपलं तर काय करायचं, पाणी प्यायला कधी उठायचं. या सवयी कुणीतरी जूनमध्ये पंधरा दिवस बसून लावलेल्या असतात, आणि तुम्हीही त्या लावू शकता. ‘सर, चांगलं कसं शिकवायचं?’ असं विचारलंत तर ‘अनुभवाने येतं’ हेच उत्तर मिळेल, कारण प्रश्नच केवढा मोठा आहे. ‘सर, वजाबाकीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर पहिलं उदाहरण कोणतं घेता? तेच का?’ असं विचारा. जुन्या शिक्षकाला असा बारीक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. विचारल्यावर ते खुलतात. आपल्याला येत नाही हे त्यांना कळेल अशी भीती वाटत असेल तर एवढंच लक्षात घ्या की दीड वर्षात त्यांना ते कळलेलंच आहे. तुम्हाला शिकायचंय, हे अजून कळलेलं नाही.

दोनशिक्षकी शाळेत एकमेकांचा पाठ बघायचा म्हणजे दुसरा वर्ग वाऱ्यावर. त्यासाठी शनिवारी परिपाठानंतर चारही इयत्ता व्हरांड्यात एकत्र बसवून वीस मिनिटं सरांनी गोष्ट किंवा तोंडी गणित घ्यावं आणि तुम्ही मागे बसून बघावं. एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा, उदाहरणार्थ प्रश्न विचारल्यावर ते किती वेळ थांबतात. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती तपासून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. ‘एक, दोन, तीन’ मनात मोजून बघा. सुरुवातीला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात. पुढच्या शनिवारी उलट करा. सरांच्या हातात बैठकीचा नकाशा द्या, आणि जे मूल बोलेल त्याच्या नावापुढे रेघ मारायला सांगा. त्यांनी मत द्यायची गरजच नाही. रेघा पुढच्या ओळीतल्या चौघांपुढेच जमल्या असतील तर तुमच्या नजरेतून ते सुटणार नाही. हे जमत नसेल तर पंधरा मिनिटांच्या पाठाचा फक्त आवाज मोबाईलवर नोंदवा आणि एकटीने ऐका. मुलांचे व्हिडिओ नकोत, आणि ध्वनिमुद्रण कुठल्याही ग्रुपवर नको.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेचा कंटाळा येतो असंही तुम्ही पत्रात लिहिलंय. पुढच्या परिषदेला तुमचं १९ ओळींचं पान घेऊन जा, मुलांची नावं झाकून. केंद्रप्रमुखांना आठ दिवस आधी फोन करून पंधरा मिनिटं मागून घ्या. दहा शाळांतल्या तिसरीच्या शिक्षकांनी हीच पाच गणितं आपापल्या वर्गात दिली तर महिन्याभरात केंद्राचा अभ्यास उभा राहील. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ बसवतात, एकजण तो घेतो, बाकीचे शिकवणाऱ्याऐवजी मुलांकडे बघतात आणि मग पाठ दुरुस्त करतात. तिथल्या प्राथमिक शाळांत ही फार जुनी पद्धत आहे. आपल्या केंद्रात ती करायला वेगळा निधी लागत नाही.

राजीनाम्याबद्दल स्पष्ट बोलते. देऊ नका. शिक्षण सेवकाची तीन वर्षं कठीण असतात. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकचं मानधन महिना १६ हजार झालं, आणि परजिल्ह्यात खोली भाड्याने घेऊन त्यात भागवणं सोपं नाही. पण निम्मी वाट तुम्ही चाललात. बी.एड.ने तुमची अडचण सुटणार नाही. तो अभ्यासक्रम वरच्या वर्गांसाठी घडवतो. बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठीची पात्रता धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या वर्गासाठी जी पदविका लागते ती तुमच्याकडे आहेच. पुढे माध्यमिकला जावंसं वाटलं, तर नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून सेवेतल्या शिक्षकांचं बी.एड. करता येतं, त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम बघा आणि विभागाची परवानगी आधी लेखी घ्या. हा निर्णय तीन वर्षं पूर्ण झाल्यावर घ्या. आज घेतलात तर तो छत्तीसवर रागावून घेतलेला असेल.

पैसे भरायच्या कोर्सचं म्हणाल तर नाव नोंदवण्याआधी त्यांना विचारा: माझ्या मुलांच्या वह्या किंवा माझा पाठ कुणी बघणार आहे का? बघून मला उत्तर देणार आहे का? आणि ते तिसरी-चौथीबद्दल असेल का? तिन्हींना हो मिळालं तर विचार करा. नाहीतर त्या पैशात खराटे, रबरं आणि घरी जायचं एक तिकीट घ्या. तुम्हाला विश्रांतीचीही गरज आहे, हे तुमच्या अक्षरांतून दिसतंय.

घरच्यांना समजावण्यात फार शक्ती घालवू नका. दिवाळीला गेलात की आईसमोर काड्या मांडून ५२ मधून २८ काढून दाखवा, आणि मुलं कुठे अडकतात ते सांगा. तुम्ही कसला अभ्यास करताय, हे त्यांना लगेच कळेल.

सुट्टीआधी दुसरं पान भरेल तेव्हा अकरापैकी तीन-चार मुलं अजून छत्तीसच्याच वाटेवर असतील. त्यांना आणखी गणितं देऊ नका. आधी बघा, दहाचा गठ्ठा न मोजता ती ‘दहा’ म्हणतात का, की प्रत्येक वेळी रबर काढून एक-एक मोजतात. मोजत असतील तर वजाबाकी बाजूला ठेवा आणि आठवडाभर फक्त गठ्ठे बांधणं-सोडणं, दहाच्या नोटा आणि एकची नाणी, ३४ म्हणजे किती गठ्ठे किती सुट्या, एवढंच खेळा. ज्यांची वजाबाकी बसली त्यांना तोवर हे द्या: ‘रमाकडे ५२ चिंचा, सलमाकडे २८. रमाकडे किती जास्त?’ बरीच मुलं ‘जास्त’ शब्द बघून ८० लिहितील. वहीचं पुढचं पान त्यासाठी कोरं ठेवा.